टाकी आणि किल्ली यांच्या मधली सायकल

सांगोला शहर आणि तालुक्यातले समस्त आई-वडील, आजी-आजोबा, गुरुजन आणि रस्त्यावर गाडी चालवणारा प्रत्येक जण यांना कळकळीचं आवाहन



परीक्षा संपत आल्या. शाळा पुन्हा भरेल ती जूनच्या मध्याला. मधल्या दीड महिन्यात पोरं मामाच्या गावाला जातील, लग्नाच्या पंगतीत मिरवतील आणि उरलेला वेळ मोबाईलवर मान मोडून बसतील. त्या उरलेल्या वेळातली रोजची अर्धी-पाऊण तासाची सकाळ मी मागतो आहे. मागणं एकच: येत्या ३ जूनच्या आत आपल्या घरातल्या निदान एका मुलाला किंवा मुलीला सायकल शिकवा. आणि स्वतः शिकवा.

३ जून हा जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१८ साली ठरवला. त्या दिवशी फेरी काढून पेपरात फोटो छापून आणायचा माझा बेत नाही. मुदत असली की माणूस हलतो, आणि शाळा उघडायच्या आधी पोरांना दहा-बारा दिवस सरावाला मिळायला हवेत, एवढ्यासाठी ही तारीख.

एवढी घाई कशाला, ते आता सांगतो.

नाक्यावर दहा मिनिटं उभे राहा

सकाळी शाळा-कॉलेजच्या वेळेला कडलास नाक्यावर किंवा वाढेगाव नाक्यावर उभे राहा आणि येणाऱ्या मोटारसायकली बघा. एका गाडीच्या टाकीवर बालवाडीतलं पोर बसलेलं असतं, दोन्ही हात हँडलवर, जणू गाडी तेच हाकतंय. दुसऱ्या गाडीवर बापाच्या पाठीला चिकटलेली तिसरी-चौथीतली मुलगी असते, दप्तर मागे लोंबकळत असतं. तिसरी गाडी ट्रिपलसीट. चालवणाऱ्याला अजून मिसरूड फुटलेलं नाही, आणि गाडी थांबली की त्याचे पाय जेमतेम जमिनीला टेकतात.

नीट बघितलं तर हे एकच मूल आहे, तीन वयांतलं. टाकीवरून ते मागच्या सीटवर गेलं आणि मागच्या सीटवरून थेट किल्लीवर. मधली सात-आठ वर्षं पायाखाली जी सायकल असायची, ती पायरीच गळून गेली.

यात कुणाचा दोष काढायला मी निघालेलो नाही. आपला तालुका वाड्या-वस्त्यांचा. शाळा, डेअरी, किराणा, दवाखाना, सगळं वस्तीपासून कोस-दीड कोसावर. दुधाचं कॅन घेऊन डेअरीला जाताना पोराला शाळेच्या दारात सोडलं, त्यात कसली चूक? सोय झाली आणि सोयीची सवय झाली. फक्त या सवयीत पोराचं रस्त्यावरचं शिक्षण राहून गेलं, ते आपल्या ध्यानात आलं नाही.

सायकल चालवणारं मूल रस्ता वाचायला शिकतं. मागून येणाऱ्या टेम्पोच्या आवाजावरून तो किती लांब आहे, हे त्याला कळायला लागतं. वळायच्या आधी मान मागे फिरवायची सवय लागते. खड्डा चुकवायचा की त्यातून हळू जायचं, मेंढरांचा कळप आडवा आला तर कुठं थांबायचं, पहिल्या पावसात डांबरावर चाक कसं सरकतं, हे सगळं ते चुकत चुकत शिकतं. या चुका ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वेगाने होतात आणि गुडघ्याची साल देऊन फिटतात. त्याच चुका आयुष्यात पहिल्यांदा ताशी साठच्या वेगाने, मागे दोन मित्र बसवून, रत्नागिरी-नागपूर महामार्गावर झाल्या तर काय देऊन फिटतात, हे या तालुक्यात कुणाला सांगायला नको.

कायदाही एकदा वाचून ठेवा. सोळा वर्षांच्या आत पेट्रोलची कुठलीच गाडी चालवता येत नाही. सोळा ते अठरा या वयात ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची चालते, तीही लायसन काढून. आपल्या दारात उभ्या असलेल्या गाड्या १०० आणि १२५ सीसीच्या आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीवर गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. पण खरं सांगायचं तर कैद आणि दंड या दुय्यम गोष्टी. पोर संध्याकाळी धडधाकट घरी यावं, एवढंच आपल्याला हवं असतं.

"आम्हाला कुणी शिकवलं होतं?"

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि तो खरा आहे. आमच्या पिढीला कुणी शिकवलं नाही. तासाच्या भाड्याने सायकल मिळायची, दुकानदार वहीत वेळ लिहून ठेवायचा. काळी, उंच, बापयांची सायकल. सीटवर बसलो तर पाय पायंडलला पोचायचे नाहीत. मग दांडीखालून पाय घालायचा, एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने दांडी आवळायची आणि कैची मारत, अर्धं अर्धं पायंडल हाणत निघायचं. पडलो की आधी सायकल बघायचो आणि मग गुडघा. सायकल दुसऱ्याची होती, गुडघा आपला होता.

तेव्हा रस्ताच मास्तर होता आणि तो मास्तर सवडीचा होता. तासाभरात दोन एसट्या आणि चार बैलगाड्या जायच्या. आता महामार्ग चौपदरी झाला. गळिताच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. ज्या बोळात आम्ही कैची मारली, तिथं आता दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात. भाड्याच्या सायकलींची दुकानंही उठली. मास्तर बदलला आहे, तेव्हा पहिले धडे घरच्यांनीच द्यायला हवेत.

दुसरा प्रश्न तोंडावर कुणी विचारत नाही, पण मनात असतो: दारात गाडी असताना पोरगं सायकलवर दिसलं तर चारचौघांत कसं दिसेल? त्याचं उत्तर सांगोल्यानेच देऊन ठेवलंय. एसटीने प्रवास करणारा आमदार म्हणून अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या भाई गणपतराव देशमुखांना याच तालुक्याने अकरा वेळा विधानसभेत पाठवलं. वाहनावरून माणसाचं मोठेपण मोजायची रीत आपली नव्हे.

तिसरा प्रश्न उन्हाचा. तो शंभर टक्के खरा. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. म्हणून सकाळी सहा ते साडेसात, त्यानंतर नाही. बाटलीत पाणी, डोक्याला टोपी, आणि जमलं तर हेल्मेट.

शिकवायचं कसं

पहिली चूक आपण दुकानातच करतो. "जरा मोठीच घेऊ, दोन-तीन वर्षं चालेल." चपलेच्या बाबतीत हा हिशेब चालतो, सायकलच्या नाही. पोराला सीटवर बसवा. दोन्ही तळपाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला साधारण १६ इंची चाकाची सायकल लागते, सात ते नऊच्या मुलाला २० इंची. पण इंचापेक्षा तळपायाचा पुरावा पक्का. नवीच हवी असंही नाही. शेजारच्या मोठ्या झालेल्या पोराची सायकल गोठ्यात कुठंतरी गंजत पडलेली असतेच.

दुसरी चूक म्हणजे आधाराची दोन बारकी चाकं. त्यांच्यावर पोर पेडल मारायला शिकतं, तोल सांभाळायला शिकत नाही. सायकल डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडेच वळवायचं, मग चाकं सायकलच्या खाली येतात आणि ती सावरते. सायकल चालवण्याचं सगळं गुपित एवढंच आहे. पण हे सांगून कळत नाही, शरीराला समजावं लागतं. बारकी चाकं सायकलला कलूच देत नाहीत, मग शरीराला समजणार कसं?

म्हणून ती चाकं काढा आणि पेडलसुद्धा काढा. हसू नका. सायकलचा जन्मच बिनपेडलचा आहे. जर्मनीत कार्ल फॉन ड्राइसने १८१७ साली जे दुचाकी यंत्र चालवून दाखवलं, त्याला पेडल नव्हतं. माणूस बसायचा आणि पायाने जमीन रेटत पुढे जायचा. पोराला तेच करू द्या. आधी चालत, मग लांब ढांगा टाकत, मग दोन-तीन ढांगा मारून दोन्ही पाय उचलून घेत. थोडा उतार मिळाला तर उत्तम. पाय उचलून दहा-पंधरा पावलांचं अंतर सरळ जाता आलं की तोल आला असं समजा. कुणाला दोन दिवस लागतील, कुणाला दहा.

मग पेडल बसवा. एक पेडल पुढे आणि वर घ्या, त्यावर पाय, जोरात खाली दाबायचं की सायकल निघालीच. नजर चाकाकडे नाही, समोर लांबवर. जिकडं बघाल तिकडं सायकल जाते. खड्ड्याकडे बघणारं पोर खड्ड्यातच जातं, याचा अनुभव आपल्याला आहेच. तुम्ही हँडल धरू नका, कारण हँडल वळवायलाच तर त्याला शिकायचंय. काखेत किंवा पाठीला हलका हात पुरे. ब्रेक पहिल्याच दिवशी शिकवा, दोन्ही हातांनी एकदम, हळू दाबायचे. नुसता पुढचा ब्रेक कचकन दाबला की पोर हँडलवरून पुढे जातं.

सगळ्यात अवघड धडा आपल्यासाठी आहे. ओरडायचं नाही. "शेजारच्याला दोन दिवसांत आली" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं झाली, पोर अजून हसतंय, तेवढ्यात थांबायचं. रडेपर्यंत ताणलं की दुसऱ्या दिवशी ते उठत नाही.

जागा हवी ती शाळेचं मैदान, किंवा सकाळी सुनसान असणारा वस्तीवरचा पक्का रस्ता. माण नदीच्या कोरड्या पात्रात शिकवायची कल्पना मलाही सुचली होती: पडलं तरी मऊ वाळू. पण वाळूत चाक रुततं, आणि पोर पडायच्या आधीच कंटाळतं. शहरात रविवार टाळा. बाजारामुळे पहाटेपासून जनावरांच्या टेम्पोंची वर्दळ असते. शनिवारची सकाळ बरी.

मुलगी, आणि तिची आई

वर मी "मुलाला किंवा मुलीला" असं लिहिलं. घरात एकच सायकल असेल आणि एकालाच शिकवायचं असेल, तर मुलीला आधी शिकवा.

शाळेपासून लांबच्या वस्तीवरच्या मुलीचं शिक्षण पुष्कळदा सोडायला कोण जाणार, या एका प्रश्नाशी अडतं. एसटीचा पास मुलींना मोफत आहे, पण पासाला चाकं नसतात. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा हे आपण बघितलं. ज्या घरात सायकल होती, त्या घरातल्या पोरीला शाळेला जायला कुणाची वाट बघावी लागली नाही.

बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढलं होतं, आणि शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत हा फरक अधिक होता. तीन किलोमीटर म्हणजे पायी पाऊण तास आणि सायकलवर पंधरा मिनिटं. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळाल्या आहेत. सरकार सायकल देईल, तोल घरच्यांनीच द्यायचा आहे.

आता आईबद्दल. आपल्याकडे कित्येक आयांना सायकल येत नाही, कारण त्यांच्या वयात त्यांना कुणी हँडलला हात लावू दिला नाही. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा आपल्यासारखाच दुष्काळी जिल्हा आहे. तिथे १९९१-९२ च्या सुमाराला साक्षरता चळवळीने बायकांना अक्षरांसोबत सायकलही शिकवली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ते मनावर घेतलं होतं. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, परिचारिका, शिक्षिका अशा हजारो जणी साडी खोचून शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त पसंत पडल्या. का, तर पुढच्या दांडीवर लेकराला बसवता येतं म्हणून. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे लिहून ठेवलंय.

तेव्हा ताई, वहिनी, मावशी, पोरीची सायकल शिकून झाली की एक सकाळ तुम्हीही सीटवर बसा. सीट खाली घ्या, पेडल काढा, पद्धत तीच. कोण बघतंय याची काळजी नको. दुसऱ्या दिवशी बघणारीच सायकल मागायला येते.

मग सगळं घर निघू द्या

शिकवणं हा झाला अर्धा भाग. सगळं घर मिळून सायकलवर निघतं, ती खरी चैन.

एकाच गाडीवर चौघं कोंबून गेलं तर गप्पा होत नाहीत, वाऱ्यावर शब्द उडून जातात. मोटारीत काच वर असते आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. सायकलवर वेग असा असतो की डाळिंबाच्या बागेत फळांवर चढवलेले कागद मोजता येतात, बांधावरच्या लिंबाचा वास येतो, वाड्याबाहेर बसवलेल्या मेंढरांत किती कोकरं आहेत यावर पैज लावता येते. खिलार खोंडाची ऐट जवळून बघता येते. चेन पडते. सगळे थांबतात. बाप काडीने चेन चढवतो, हात काळे होतात आणि ते काळे हात पोर आपल्या तोंडाला फासून घेतं. घरी परत येताना पाच वर्षांचं धाकटं दमतं, मग त्याची सायकल कुणीतरी एका हाताने ओढत आणतं. या गोष्टी पोरं विसरत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर चांगला व्यायाम हवा. तास मोजत बसायची गरज नाही. ज्या पोराला सायकल आली, ते दिवसभरात तेवढं सहज हिंडून येतं, आणि वर डबाभर जेवतं.

वरच्या वर्गातली मुलं सराईत झाली की त्यांच्यासमोर एक ठिकाण ठेवा. पंढरी आपल्यापासून तीसेक किलोमीटरवर. नाशिकचे सायकलस्वार गेली कित्येक वर्षं आषाढीच्या आधी तीन-चारशे किलोमीटर सायकल मारत विठोबाच्या दारात येतात. आपल्याला तर तो शेजार. थंडीच्या दिवसांत, मोठ्या माणसांच्या सोबतीने, पहाटे निघून दुपारच्या आत परत.

कुणी काय करावं

आई-वडिलांनी: आज संध्याकाळीच माळ्यावरची सायकल खाली काढावी. हवा, ब्रेक, चेन, घंटी या चार गोष्टी तपासून घ्याव्यात. मागे लाल रिफ्लेक्टर नसेल तर लावून घ्यावा. बारा वर्षांखालच्या मुलाला महामार्गावर एकट्याने सोडू नये.

आजी-आजोबांनी: मैदानाच्या कडेला बसावं. पोर पडलं तर "अगं बाई, लागलं का गं" म्हणून धावत जाऊ नये. ते आधी तुमच्या तोंडाकडे बघतं आणि मग रडायचं की नाही ते ठरवतं.

मुख्याध्यापकांनी: सुट्टीत सकाळी दोन तास शाळेचं मैदान उघडं ठेवावं. जूनपासून सायकलींना सावलीचा एक कोपरा आणि एक हवेचा पंप द्यावा.

नगरपरिषदेने: मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी शहरातला एखादा रस्ता दीड तास गाड्यांना बंद ठेवून पोरांना द्यावा. याला पैसा लागत नाही, दोन लाकडी अडसर आणि दोन माणसं लागतात.

सायकल दुरुस्तीवाल्या दादांनी: शनिवारी शटर जरा लवकर उघडावं. आणि आपल्या वेड्या बाभळीच्या काट्यांना महिनाभर जरा उसंत घ्यायला सांगावं.

गाडी, टेम्पो, ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी: सायकलवर पोर दिसलं की वेग कमी करावा आणि अंगभर अंतर ठेवून जावं. अगदी जवळ जाऊन हॉर्न वाजवू नये. पोर दचकतं आणि दचकलं की हँडल वळतं.

ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांनी: पडून असलेली सायकल गरजू पोराला द्यावी. देताना हवा भरून द्यावी.

किल्ली मागण्याचा दिवस प्रत्येक घरात येणार आहे. अठरा वर्षं भरल्यावर, लायसन खिशात आल्यावर तुम्ही ती द्यालही. तेव्हा ती ज्या हातात जाईल, त्या हाताला ब्रेक कधी दाबायचा हे दहा वर्षांपासून ठाऊक असेल, एवढी तजवीज या उन्हाळ्यात करून ठेवूया.

आपला नम्र,
एक सांगोलकर पालक

ता.क.: पेडल काढताना एक ध्यानात ठेवा. उजवं पेडल नेहमीसारखं सुटतं, पण डाव्याचे आटे उलटे असतात, ते उलट्या बाजूला फिरवल्यावरच निघतं. मी पहिल्या दिवशी अर्धा तास चुकीच्या बाजूला पाना पिळत बसलो, आणि लेक शेजारी उभी राहून विचारत होती, "पप्पा, तुम्हाला तरी येतीय का सायकल?" तुमचा तेवढा अर्धा तास वाचावा.